इंजिनाला रंग, तोही चंद्रपुरात

चंद्रपुरात कुठल्याही वस्तूला मुद्दाम रंग द्यायची तशी गरज नसते. वस्तू अंगणात ठेवली की रंग आपोआप चढतो. एकीकडे वेकोलिच्या खुल्या खाणी, दुसरीकडे ऊर्जानगरचं २९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र आणि मधल्या रस्त्यावर ताडपत्री अर्धी उडालेले कोळशाचे ट्रक. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं बनियान संध्याकाळी कुठल्या छटेचं निघतं, त्यावरून दिवसभर वारा कुठून होता हे आमच्या वॉर्डातल्या बायका सांगतात. काळपट निघालं तर खाणीकडून, राखाडी निघालं तर सुपर थर्मलकडून. पांढरंच निघालं तर ते वाळत घालायचं राहून गेलेलं असतं.

अशा गावात भल्या माणसानं जुन्या जीपचं इंजिन उतरवावं, त्याची झाकणं, पुल्या, ब्रॅकेटं घरी आणावीत आणि घासून-पुसून रंगवायला बसावं, यात थोडा उद्धटपणा आहे हे मला मान्य आहे. पण ही हौस आमच्याकडे बरीच पसरलेली आहे. खाणीतून निवृत्त झालेले फिटर, पेपर मिलमधले टर्नर, ताडोब्याचे जिप्सीवाले, आणि ज्यांचा यंत्राशी संबंध फक्त पंखा लावण्या-बंद करण्यापुरता होता असे माझ्यासारखे लोक, सगळे या नादाला लागतात. बाहेरून गाडी रंगवणाऱ्याबद्दल मला फारसं कौतुक नाही. तो रंग लोकांसाठी असतो, तो बदलला तर आरटीओकडे आरसीवर नोंद करावी लागते, म्हणजे सरकारलाही त्यात रस असतो. इंजिनाच्या रंगात कोणालाच रस नसतो. तिथं काम करणारा माणूस खरा हौशी.

"पण बॉनेटखालचं पाहते कोण?" हा प्रश्न मला घरातल्या प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं विचारला. आईनं काळजीनं, बायकोनं हिशेबानं आणि मुलीनं फोनमधून मान वर न काढता. याचं शास्त्रीय उत्तर असं की जुन्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असतो, आणि बीड उघडं ठेवलं की गंजतं. कारखान्यातून इंजिन रंगवून येतं ते शोभेसाठी नव्हे. हे उत्तर मी सगळ्यांना दिलं. बायको म्हणाली, "मग गॅलरीचं ग्रिलही बिडाचंच समजा. ते पण गंजलं आहे." ग्रिल लोखंडी पट्ट्यांचं आहे, बिडाचं नाही, हे मी तिला सांगितलं. शास्त्रानं संसारात वाद मिटत नाहीत.

जीपबद्दल थोडं सांगायला हवं. महिंद्राच्या आमच्यासारख्या कितीतरी जुन्या जीपमध्ये फ्रेंच घराण्याचं प्यूजो डिझेल इंजिन असायचं. एक्सडीपी ४.९० म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एकूण २११२ सीसी, ताकद जेमतेम बासष्ट घोड्यांची. फ्रान्समध्ये जन्मलेल्या या घराण्याचं उरलेलं आयुष्य अहेरी, एटापल्ली, सिरोंच्याच्या रस्त्यांवर जाईल असं त्याच्या मूळ इंजिनिअरला वाटलं नसणार. १९८२ साली गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा निघाला, पण वेगळं होऊन रस्ते लगेच येत नाहीत. पुढची कितीतरी वर्षं तिकडच्या गावांचं पोस्ट, डॉक्टर, निवडणुकीची पेटी, नवरा-नवरी आणि तेंदूपत्त्याच्या हंगामातले मुकादम हे सगळं अशाच जीपांनी वाहिलं. आत किती बसले हे ड्रायव्हर मोजत नसे. जे बाहेर लटकायचे तेवढे मोजायचा, कारण वाटेत गळण्याची भीती त्यांचीच.

त्यामुळे या इंजिनावरचा मळ हा साधा मळ नसतो. बाबांनी पहिल्या दिवशी खुरप्यानं तो काढायला घेतला तेव्हा त्याचे थर निघाले. वरचा थर कोळशाचा, चंद्रपूरचा. त्याखाली आलापल्लीकडची लाल मुरमाची धूळ. त्याखाली तेलात भिजून घट्ट झालेला धानाचा कोंडा. आणि इनलेट मॅनिफोल्डच्या पोटाशी उंदराचं घर. त्या घरात वायरचं प्लास्टिक होतं, मोहाची सुकलेली फुलं होती, आणि वडसा इथल्या एका नाटकाच्या हँडबिलाचे तुकडे होते. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र रात्र नाटकं चालतात, त्या मोसमात आधीच्या मालकानं जीप मंडपामागे उभी केली असणार. उंदरानं हँडबिल कुरतडताना खलनायकाचं तोंड तेवढं शाबूत ठेवलं होतं.

बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांचा एकच सिद्धांत आहे: रंग हा शेवटच्या दिवसाचा विषय आहे. लोक येऊन विचारायचे, "कोणता रंग मारून राहिले?" बाबा म्हणायचे, "मळ काढून राहिलो." आठवड्यानं तोच माणूस पुन्हा यायचा, तोच प्रश्न, तेच उत्तर. खरं सांगायचं तर या कामात रंगवणं हा दहावा हिस्सा आहे आणि उरलेले नऊ हिस्से घासणं आहे. पण घासण्यात कोणाला गोडी नसते. बारशाला सगळे येतात, लंगोट धुवायला कोणी येत नाही, तसं आहे हे.

पूर्वी हे घासणं रॉकेलनं व्हायचं. रेशनवर रॉकेल मिळायचं तोवर प्रत्येक घरात एक कॅन असायचा. चूल पेटवायला, कंदिलाला, ढेकणांना आणि इंजिनाला तेच. आता रॉकेल मिळवणं हे मोहाची दारू मिळवण्यापेक्षा अवघड झालं आहे. म्हणून डिझेल वापरायचं. पण डिझेल मळ काढतं आणि स्वतः तिथंच राहतं. बोटाला लागणारही नाही अशी चिकट साय धातूवर बसते, आणि त्या सायीवर मारलेला रंग पहिल्या पावसाळ्यात सोलून येतो. तेव्हा डिझेलनंतर कपड्याच्या साबणाचं गरम पाणी, मग स्वच्छ पाणी, मग लगेच कोरडं करणं, कारण ओलं बीड डोळ्यांदेखत तांबूस व्हायला लागतं, आणि शेवटी थिनरचा फडका. बाबांची परीक्षा अशी की पांढरा फडका झाकणावरून फिरवायचा. फडका पांढरा राहिला तर पास. आमच्या गावात पांढरा फडका हवेत नुसता फिरवला तरी नापास होतो हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी परीक्षा घरात, दार लावून घ्यायला सुरुवात केली.

मग तारेचा ब्रश, मग एमरी पेपर. ८० नंबरचा गंज काढतो, १२० नंबरचा ८० नंबरनं काढलेले ओरखडे काढतो, २२० नंबरचा १२० चे. या हिशेबानं माणूस ४०० पर्यंत पोचतो तेव्हा झाकण आरशासारखं दिसायला लागतं, आणि त्यावर रंग चिकटत नाही. फार गुळगुळीत जागेला रंग धरत नाही. त्याला पकडायला थोडी खरबड लागते. तेव्हा पुन्हा २२० वर यायचं. बाबांना हे पहिल्यापासून माहीत होतं. विचारलं का सांगितलं नाही, तर म्हणाले, "चांगलं घासून राहिला होता, मधात कशाला बोलू?"

अॅल्युमिनियमची जात वेगळी. बिडाच्या भागांना कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी मानवतं. बरीच जुनी वर्कशॉपं त्यासाठी हौदच ठेवायची. अॅल्युमिनियम त्यात टाकलं की बुडबुडे निघतात. ते बुडबुडे हायड्रोजनचे, आणि ते निघताहेत म्हणजे भाग स्वच्छ होत नसून कमी होत असतो. मोहर्लीकडच्या एका जिप्सीवाल्याची गोष्ट आमच्याकडे सांगतात. जिप्सी किंगचं १२९८ सीसीचं इंजिन हेडपासून ब्लॉकपर्यंत अॅल्युमिनियमचं. त्यानं टॅपेट कव्हर रात्री सोड्याच्या बादलीत ठेवलं आणि सकाळी काढलं, तर मळ बराचसा तसाच होता, कव्हर मात्र बारीक झालं होतं. बुडबुडे पाहून त्याची बायको शेजारणीला म्हणाली म्हणे, "पाहा, कसा मळ निघून राहिला."

या जिप्सीवाल्यांचा वार्षिक सोहळा मात्र पाहण्यासारखा असतो. ताडोब्याचा गाभा १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत पर्यटकांना बंद असतो. वाघाला सुट्टी, गाईडला सुट्टी, जिप्सीला सुट्टी. त्या तीन महिन्यांत मोहर्ली, कोलारा या बाजूच्या गावांत ओसरीओसरीवर इंजिनं उघडलेली असतात. एकाच्या कोठ्यात गिअरबॉक्स, दुसऱ्याच्या तुळशीजवळ रेडिएटर, तिसऱ्याच्या खाटेखाली चाकांचे ड्रम, आणि त्यावर कोंबड्या. जिप्सी बनवणंच मारुतीनं बंद केलं आहे, त्यामुळे असलेली जपण्यात जीव अडकलेला. १ ऑक्टोबरला सगळं चकाचक होऊन गेटवर रांगेत उभं राहतं. पर्यटकाला यातलं काही दिसत नाही. त्याची नजर झुडपात. वाघ जिप्सीकडे पाहतो, पण तोही बॉनेट उघडून पाहत नाही.

पण पावसाळ्यात रंगवणं म्हणजे वेगळाच जाच. हवा दमट असेल तर थिनर उडताना थंडावा धरतो, त्यावर बाष्प बसतं आणि काळा रंग पांढुरका पडतो. उन्हाळ्यात रंगवावं, तर आमचा मे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांचा. त्या उन्हात गनमधून निघालेला रंग झाकणापर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि झाकणावर रंगाऐवजी रंगाची रवाळ भुकटी पडते. हात फिरवला तर पुन्हा ८० नंबरच्या कागदावर आल्याचा भास. स्प्रेच्या डब्यांवर तर छापलेलंच असतं: पन्नास अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये. हा मजकूर लिहिणाऱ्यानं चंद्रपूर पाहिलेलं नाही. आमच्याकडे तो डबा दुपारी कुठं ठेवायचा? पत्र्याच्या खोलीत नाही, गाडीच्या डिकीत नाही, गच्चीवर तर नाहीच. साडूंनी तो फ्रिजमध्ये ठेवला होता, कैरीच्या पन्ह्याशेजारी. पाहुण्यांनी बाहेर काढला.

राहिला हिवाळा. पण हिवाळ्यात धान निघतं, लग्नं निघतात आणि वडशाची नाटकं निघतात. तेव्हा जीपला कामं असतात. याचा अर्थ इंजिन रंगवायला योग्य ऋतू या भागात नाही, फक्त कमी अयोग्य ऋतू आहे. आम्ही नोव्हेंबर धरला.

रंग कोणता, हा प्रश्न शेवटी आलाच. बाबांचं मत पिवळ्याला. त्यांच्या आयुष्यात जे यंत्र मोठं होतं ते पिवळं होतं: डंपर पिवळा, डोझर पिवळा. यंत्र दुसऱ्या रंगाचं असलं की त्यांना ते खेळणं वाटतं. साडूंचं मत लाल. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की फेरारीनं पन्नासच्या दशकात रेसच्या गाडीच्या इंजिनावरची झाकणं लाल रंगवली आणि त्या लाल डोक्यावरून गाडीचं नावच पडलं. हे खरं आहे. पण ती गाडी तीनशे घोड्यांची होती आणि आमच्या जीपला बासष्ट घोडे आहेत, त्यातले काही म्हातारे. अमेरिकेत शेवरोलेवाले बराच काळ इंजिन नारिंगी ठेवायचे, फोर्डवाले निळं. तिकडचे शौकीन अजून तीच छटा शोधत फिरतात. आमच्या भागात छटा असा प्रकार नाही. दुकानात जाऊन निळा मागितला तर "कोणता निळा?" असं विचारत नाहीत. "किती?" विचारतात.

समोरच्या गुरुजींनी काळा सुचवला. ते विज्ञान शिकवायचे. काळा पृष्ठभाग उष्णता जास्त बाहेर टाकतो, म्हणून इंजिन काळं असावं, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा पुस्तकात बरोबर आहे. पण पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाची उष्णता रेडिएटरमधून जाते, वरच्या पातळ रंगाला त्यात कोणी विचारत नाही. हे मी बोलायच्या आत मिस्त्री बोलला. बाबूपेठेतला हा मिस्त्री आमचं हाफ इंजिन बांधून देणार होता. तो म्हणाला, "गुरुजी, काळा मारा ना. विकायची असंल तर काळाच मारा. ठेवायची असंल तर सिल्व्हर." गुरुजींना कळेना. मिस्त्रीनं समजावलं: सिल्व्हरवर तेलाचा एक थेंब ओघळला तरी काळी रेघ दिसते. गॅसकिट कुठून गळतं, सील कुठून गेलं, लगेच समजतं. काळ्यावर दोन लिटर तेल गळलं तरी इंजिन नुसतं चमकल्यागत दिसतं. म्हणून सेकंड हँड गाड्या विकणारे काळा मारतात, आणि घेणारा म्हणतो, काय ठेवली आहे गाडी!

एवढं सरळ तत्त्वज्ञान ऐकून गुरुजी गप्प झाले. सिल्व्हर ठरला.

सिल्व्हर म्हणजे अॅल्युमिनियमची भुकटी घातलेला उष्णतारोधक रंग. डब्यावर ६०० अंश लिहिलेलं असतं. आकडा मोठा वाटतो, पण सायलेन्सरच्या मॅनिफोल्डची मजल घाटात भरल्या गाडीनं तिथपर्यंत जाऊ शकते. ऊर्जानगरच्या बॉयलरमधली वाफ साधारण ५४० अंशांची असते, म्हणजे जीपच्या पोटात एका जागी वीज केंद्राच्या वाफेपेक्षा जास्त ताप. ब्लॉक आणि टॅपेट कव्हर मात्र शंभर-सव्वाशेच्या आत राहतात. त्यामुळे मॅनिफोल्डला वेगळा रंग, बाकीच्याला वेगळा. आणि हे रंग नुसते वाळून भागत नाही, ते भाजावे लागतात. कव्हरचा रंग नव्वद-शंभर अंशांत तासभर, मॅनिफोल्डचा टप्प्याटप्प्यानं तीनशेच्या वर.

इथं स्वयंपाकघराचा प्रश्न येतो. बल्लारपूरच्या साडूंनी पूर्वी एकदा आपलं टॅपेट कव्हर ओटीजीमध्ये भाजलं होतं. साळी रात्रपाळीला गेलेली होती. कव्हर उत्तम भाजलं गेलं, असं ते अजूनही सांगतात. दुसऱ्या दिवशी भाजलेल्या नानकटाईला मात्र थिनरचा वास होता, आणि तो तिसऱ्या घाण्यालाही होता. रंग भाजलेल्या भट्टीत पुन्हा खाण्याचं काही करू नये, हा नियम डब्यावर लिहिलेला असतो. साडूंनी तो नंतर वाचला. साळीनं फार आवाज केला नाही. तिनं तो ओटीजी शांतपणे साडूंच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि नवीन आणला, साडूंच्याच पैशानं. रंगाचा खर्च कोणी विचारला तर साडू तेव्हापासून चारशे रुपये अधिक ओव्हन असा सांगतात. त्या ओव्हनचा आम्हाला फायदा झाला. आमची झाकणं बल्लारपूरला जाऊन भाजून आली. मॅनिफोल्डसाठी मिस्त्री म्हणाला, गाडी चालवा, तो स्वतःच भाजून घेईल.

रंगवायला जागा न्हाणीघराची ठरली. घरात धूळ कमीत कमी येते अशी ती एकच खोली. खालची फरशी ओली केली, दारावर आईचं जुनं लुगडं भिजवून टांगलं, तोंडाला मास्क, वरची खिडकी उघडी, कारण थिनरची वाफ कोंडली तर माणूस रंगाआधी वाळतो. गिझरचं बटण बाबांनी चिकटपट्टी लावून बंद केलं. ठिणगीशी थिनरचं जुनं नातं आहे. वेळ पहाटेची, वारा पडलेला. टॅपेट कव्हर तारेनं शॉवरच्या नळाला लटकवलं. गॅसकिट बसते ती कडा मास्किंग टेपनं झाकलेली, कारण तिथं रंग चढला तर गॅसकिट रंगावर बसते आणि रंग निघाला की तेल बाहेर. बोल्टांच्या भोकांत जुने बोल्ट. तेल भरायच्या तोंडाला रद्दीचा बोळा. त्यावर "योग्य वधू पाहिजे" वाचता येत होतं.

पहिला हात अगदी विरळ, धातू दिसत राहील एवढाच. हा हात मारताना प्रत्येकाला वाटतं की थोडा अजून मारावा. मारला की ओघळ. बाबा मागे उभे होते. माझा हात जड व्हायला लागला की ते नुसते खाकरायचे. दहा मिनिटं थांबून दुसरा हात, आडवा. मग तिसरा, उभा. तिसऱ्या हाताला कव्हर एकदम अंग धरतं. मधे उठलेली महिंद्राची अक्षरं, बोल्टांचे खळगे, कारखान्यातल्या साच्याचा जुना खडबडीतपणा, सगळ्यावर एकसारखी मंद चकाकी येते. त्या क्षणी बाबा म्हणाले, "जमलं," आणि त्याच क्षणी वरच्या खिडकीतून एक काळा कण तरंगत आला. आम्ही दोघंही तो पाहत होतो. तो कुठंही पडू शकला असता. तो कव्हरच्या मधोमध पडला. बाबांनी आईच्या शिवणाच्या सुईनं तो उचलला, आणि वारा कुठून आहे ते सांगितलं: खाणीकडून.

न्हाणीघराचं पुढं काय झालं ते लिहिण्यासारखं नाही, पण लिहितो. सिल्व्हरची धुळवड बादलीवर, मगावर, साबणावर आणि आरशाच्या खालच्या अर्ध्यावर बसली. मुलगी त्या दिवशी कॉलेजला गेली ती कानामागं चांदी घेऊन. मैत्रिणींनी विचारलं, कुठल्या पार्लरमध्ये केलं.

जोडणीत या कामाची खरी फजिती असते, आणि ती बहुतेकांची होते. नवीन रंगवलेलं इंजिन बसवतात, बॅटरी जोडतात, स्टार्टर मारतात, आणि सगळं शांत. सेल्फ हूंही करत नाही. मग शेजारपाजारचे गोळा होतात, बॅटरी काढून दुसरी लावतात, सेल्फ काढून ठोकतात. कारण एवढंच असतं की अर्थची वायर ज्या बोल्टाखाली बसते ती जागाही प्रेमानं रंगवलेली असते, आणि रंगातून वीज जात नाही. तिथला तळहातभर रंग खरवडावा लागतो. तो खरवडताना माणसाचा चेहरा पाहावा. दुसरी जागा इंजिन नंबरची. ब्लॉकवर ठोकलेला तो नंबर जाड रंगाखाली गेला की पासिंगच्या वेळी कागद ठेवून वर पेन्सिल घासतात तो ठसा उठत नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या पासिंगला तोच ठसा तर लागतो. मिस्त्रीनं नंबरावर ग्रीसचं बोट फिरवून ठेवलं होतं. रंग वाळल्यावर ग्रीस पुसलं, नंबर मोकळा. ही युक्ती मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही.

तर इंजिन तयार झालं, बसलं, पहिल्या सेल्फला सुरू झालं, पहिल्या दिवशी मॅनिफोल्डनं धूर आणि वास सोडून स्वतःला भाजूनही घेतलं. बॉनेट बंद केलं. आणि मग लक्षात आलं की हे आता कोणालाच दिसणार नाही. घरच्यांचा प्रश्न तंतोतंत बरोबर होता, पण तो मान्य करण्याची ही वेळ नव्हती.

आम्ही गडचिरोलीला निघालो. मूल गाव सोडलं, मग सावली गाव आलं. बाबा म्हणाले, "इंजिन जरा थंड करू." इंजिन थंडच होतं, काटा अर्ध्यावर पण नव्हता. व्याहाडच्या अलीकडे चहाच्या टपरीसमोर जीप लावली, बॉनेट उघडलं, आणि आम्ही दोघं दोन पावलं मागं सरून, लोकांना नीट दिसेल असे उभे राहिलो.

पहिला मोटारसायकलवाला थांबला. "बंद पडली का जी?" नाही म्हटलं. त्याला पटलं नाही. त्यानं उतरून डिझेलचा पाईप हलवून पाहिला. दुसरा बसमधून ओरडला, "पाणी टाका, पाणी!" तिसऱ्यानं खरंच पाण्याची बाटली आणून दिली. टपरीवाल्यानं आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला फोन लावला. उघड्या बॉनेटचा या रस्त्यावर एकच अर्थ आहे, आणि पन्नास वर्षांत तो बदललेला नाही. लोक मदतीला इतके तत्पर होते की रंगाकडे पाहायला कोणाला फुरसत नव्हती.

शेवटी खांद्यावर दुपट्टा टाकलेले एक म्हातारे आले. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. वाकून इंजिन पाहिलं, टॅपेट कव्हर पाहिलं, पुल्या पाहिल्या, खाली चेंबरपर्यंत नजर नेली. बाबांची छाती फुगली.

"रंग मारला वाटते."

"हो जी," बाबा म्हणाले. "घरीच मारला."

"मने इकाची हाय."

"नाही जी, विकायची नाही."

म्हाताऱ्यांनी यावर विश्वास ठेवला नाही. विकायची नसलेल्या गाडीचं इंजिन कोण रंगवतो? ते आणखी वाकले, टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेवर अंगठा फिरवला आणि आम्हाला दाखवला. सिल्व्हरवर नखाएवढी काळी रेघ आली होती.

"तेल त गरते," ते म्हणाले. "किती सांगता?"